दहावा बुश

बनशंकरी, बेंगळुरू
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

त्रिविक्रमअण्णा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच फाडणार असशील तर थांब. हे एक पान वाच आणि मग खुशाल फाड. फोन तू उचलत नाहीस. काल संध्याकाळपासून सात वेळा लावला. सातव्यांदा तुझ्या लेकीनं उचलला आणि बाबा देवळात गेलेत म्हणाली. तू आणि देवळात! पण ती बिचारी शिकवलेलं बोलत होती, तिला काय म्हणणार.

बरा आहेस ना? धारवाडची हवा मानवली का? गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक. कृष्णाबाईची शुगर स्वल्प वर-खाली होते, तेवढंच. वीणा वरच्याच मजल्यावर राहते. तिची दिव्यश्री आता सात वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा दोन वर्षांची होती, तुझ्या चष्म्याला हात घालायची.

लिहायचं कारण एवढंच की एक बारीकशी गोष्ट विचारायची होती, आपल्या गॅरेट इंजिनाबद्दल. बॉयलरची सगळी मापं तुझ्या निळ्या वहीत आहेत. तर पाणी दाखवणाऱ्या काचेच्या खालच्या बुशाची, बॉयलरला जोडलेल्या त्या आट्याच्या कड्याची, जाडी आपण किती धरली होती, एवढं बघून कळव. फक्त जाडी. बाकी काही नको.

इंजिन झकास चाललंय, काळजी नसावी. चार वर्षं झाली, महिन्याचे दोन रविवार, बोम्मसंद्राच्या पुढच्या त्या बागेत. पाच इंची रूळ, चारशे मीटरचा वळसा, मागे सहा डबे, डब्यावर घोड्यासारखी पाय टाकून बसलेली पोरं. लोक अजून विचारतात, हे कसलं वो विचित्र इंजिन, दोन्ही बाजूंना चाकं-सिलिंडर आणि पोट मध्ये टांगलेलं? मी सांगतो, ह्याला गॅरेट म्हणतात, ह्यात दोन इंजिनं एका बॉयलरवर चालतात. पुढचं एकानं केलं, मागचं मी केलं. कुणी केलं ते विचारलं तर सांगतो, होता एक मित्र, क्वालिटीचा इन्स्पेक्टर. जास्त सांगत नाही.

काल गाडी थांबल्यावर पुसताना त्या बुशाभोवती पांढरं मीठ धरलेलं दिसलं. थोडा ओलावा होता. मी खरवडून बघितलं. खालचा रंग जरा गुलाबी वाटला. ऊन कललं होतं, उजेडाचा दोष असेल.

तर जाडी कळव. घाई नाही. पण आठ दिवसांत कळव.

पिराजी

ता. क. गुलाबी म्हणजे अगदी गुलाबी नव्हे.


बनशंकरी
सोमवार, ३ नोव्हेंबर

अण्णा,

आठवडा झाला. उत्तर नाही. तू वाचलंस आणि तुला सगळं कळलं, हे मला कळलं. जाडीबिडी काही नको होती मला. जाडी मला पाठ आहे.

सांगून टाकतो. बसून सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून आत्ता लेथपाशी उभ्यानं लिहितोय.

दहावा बुश गनमेटलचा नाही. पितळेचा आहे.

तुला आठवत असेल, तू नातवाच्या बारशाला धारवाडला गेला होतास. पीण्याच्या कारखान्यांतल्या फाउंड्रीतून तू स्वतः आणलेला गनमेटलचा, तांबं-कथलाचा दांडा माझ्याकडे ठेवून गेलास. मोजून दहा बुश होतील एवढाच, तुझा स्वभावच तसा. नऊ झाले. दहाव्याला मी आटा चुकीचा पाडला. इंचाला बत्तीसच्या जागी सव्वीस. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, पीण्यात माझा पीस कधी परत आला नाही, आणि मी आटा चुकवला. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार होतास. तुला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं. घरात कृष्णाबाईच्या माहेरची मोडकी समई होती, तिचा दांडा भरीव. तो कापला. आटा बरोबर पाडला, सुरेख पाडला. तू आल्यावर बुश ब्रेझिंगनं बॉयलरला जोडले, ऍसिडात बुडवून काढलं, तर दहाच्या दहा बुश एकाच रंगाचे दिसायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

पण तू तो तू. लेथखालच्या धातूच्या किसातनं वाया गेलेला बुश उचललास आणि विचारलंस, दहाचाच दांडा होता, एक इथं पडलाय, मग बॉयलरवर दहा कुठनं आले? मी म्हणालो, हा जुन्या कामाचा आहे. तू म्हणालास, पिराजी, खोटं बोलू नकोस, कापून काढू या. आणि मी काय म्हणालो ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय. माझ्या घरचं जेवून मलाच चोर ठरवतोस, असं म्हणालो. कृष्णाबाई पोळ्या करता करता बाहेर आली. तू चपला घातल्यास.

खरं तर तू मला चोर म्हणालाच नव्हतास.

पितळ गरम पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते तांब्याचं पोकळ जाळं, हे मला तूच शिकवलंस. रंग गुलाबी होतो, हेही तूच. मी रोज सकाळी उठून स्वतःला समजावतो, तो उजेडाचाच दोष होता. दुपारपर्यंत पटतं. चहाच्या वेळेला परत तो गुलाबी रंग दिसायला लागतो.

तो बुश कुठं आहे ते तुला सांगायला नको. बॉयलरच्या मागच्या तोंडावर, ड्रायव्हरच्या बरोबर समोर. ऐंशी पौंडाची वाफ आणि उकळतं पाणी. तो निसटला तर सगळं सरळ मागे येणार. मागे मी. माझ्या मागे पहिल्या डब्यावर दिव्यश्री असते. दुसरी कुठली जागा तिला चालतच नाही.

१६ तारखेला, रविवारी, बागेत बालदिनाचा मोठा कार्यक्रम आहे. एक शाळा येणार आहे. एकशेवीस मुलं.

काय करू सांग. शिव्या दे, पण काहीतरी लिही.

पिराजी


बनशंकरी
शनिवार, ८ नोव्हेंबर

अण्णा,

तू म्हणशील, मग तोंड उघडून सांग की त्यांना. सांगितलं. म्हणजे, सांगितलं असं नाही म्हणता येणार. काय झालं ते लिहितो, तूच ठरव.

बागेचा मॅनेजर मंजुनाथ. चांगला माणूस, इंजिनावर जीव आहे त्याचा, पण कार्यक्रम ठरला की त्याला दुसरं काही दिसत नाही. मंगळवारी त्याला म्हणालो, माझी तब्येत बरी नाही, १६ तारखेला जमणार नाही. तो म्हणाला, सरी सर, विश्रांती घ्या, शिवकुमार चालवेल. शिवकुमार म्हणजे तिथला पंप ऑपरेटर, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. गेल्या वर्षी मीच हौसेनं त्याला इंजिन शिकवलं. म्हणजे मी घरी पांघरूण घेऊन पडणार आणि त्या तोंडासमोर शिवकुमार बसणार. म्हटलं, नको नको, मी येतो, मीच चालवतो.

बुधवारी म्हणालो, गॅस्केट गेलंय, बाहेरनं मागवायला लागेल, महिना जाईल. त्यानं फोन फिरवला आणि गुरुवारी दुपारी पीण्याहून एक माणूस स्कूटरवर डझनभर गॅस्केट घेऊन हजर. सगळी मापाची. लेका, त्या माणसाला बघून मला रडू यायचं राहिलं होतं.

काल शेवटी म्हणालो, मंजुनाथ, त्या बॉयलरचा मला भरवसा वाटत नाही. तो हसला. म्हणाला, एनू आगल्ला सर, काही होत नाही, तुम्ही उगीच घाबरता, वय झालं की होतं असं. आणि कपाटातनं फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. टेस्टचं सर्टिफिकेट, मार्च २०२६ पर्यंत चालू. बागेच्या कमिटीचा नियम असा की दोन जाणकारांच्या सह्या लागतात, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. बघा की, म्हणाला, तुमची सही आहे, त्रिविक्रम सरांची आहे. दोघांनी पास केलंय, मग भीती कसली?

आता पुढचंही लिहितो.

तुझी सही मी केली. २०२२ ला केली, २०२३ ला केली, गेल्या वर्षी केली, आणि ह्या मार्चमध्येही केली. पहिल्यांदा मंजुनाथनं विचारलं, ते दुसरे सर कुठे आहेत? मी म्हणालो, धारवाडला असतात, मी कागद पाठवून सही आणतो. घरी आलो, तुझ्या जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टावर बघून बघून पाटीवर गिरवली आणि मग कागदावर केली. तो शेवटचा वर उडालेला फाटा तर फार छान जमला. मला अभिमान वाटला होता अण्णा, खोटं कशाला सांगू. आता त्या चार कागदांवरच्या तुझ्या नावाकडं बघून मंजुनाथ निर्धास्त आहे, आणि मी बघितलं की धाबं दणाणतं.

सही खोटी आहे म्हणालो तर पोलीस येतील का? ह्या वयात? वीणाच्या सासरचे काय म्हणतील? हे सगळे विचार येतात. त्यांच्या पुढे तो बुश येतो आणि मग हे विचार किती हलके आहेत ते कळतं. तरीही येतातच.

कृष्णाबाईनं परवा विचारलं, तुम्ही जेवत का नाही? मी सांगितलं पित्त झालंय. तिनं आवळ्याचं सरबत करून दिलं. तिला समईचा दांडा कुठं गेला ते अजून ठाऊक नाही.

तू मला माफ करू नकोस. पण आठ दिवस राहिलेत, अण्णा.

पिराजी


बनशंकरी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अण्णा,

खोकं मिळालं. बुधवारी कुरिअरवाला आला, पाठवणाऱ्याचं नाव तुझ्या अक्षरात. मी दारातच बसलो फोडायला. आत जुन्या कन्नड पेपरात गुंडाळलेला तुझा प्रेशर गेज, त्यावर कॅलिब्रेशनची चिठ्ठी, तारीख गेल्या महिन्याची. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी तू गेज तपासून घेतोस! चिठ्ठी मात्र तेवढीच. मला एक शब्द नाही. खोकं दोनदा उलटं करून बघितलं.

तुझं म्हणणं कळलं. माझ्या गेजवर तुझा विश्वास नाही. पाण्याची टेस्ट घे, आणि माझ्या गेजवर घे.

घेतली. काल सकाळी, मंजुनाथ आणि शिवकुमार दोघांच्या समोर. तू असतास तर पद्धतीत एक चूक काढता आली नसती. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरला, हवेचा एक बुडबुडा ठेवला नाही, हातपंप लावला. पाण्याच्या टेस्टमध्ये फुटलं तरी पाणी गळतं, माणूस भाजत नाही, हे मी त्या दोघांना समजावलं. मग पंप मारायला लागलो. चाळीस. साठ. ऐंशी. ऐंशीला मी डोळे मिटून घेतले. शंभर. एकशेवीस, म्हणजे चालायच्या प्रेशरच्या दीडपट. वीस मिनिटं काटा हलला नाही.

धरलं, अण्णा.

मंजुनाथनं टाळ्या वाजवल्या. शिवकुमारनं मला मिठी मारली. बघा सर, म्हणाला, नुसती भीती होती. मंजुनाथनं तिथल्या तिथं कमिटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, तुझ्या गेजचा. आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की घरी येताना मी ऑटोवाल्याशी हवापाण्यावर बोललो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आज सकाळी राहवेना, म्हणून परत बागेत गेलो. कुणी नव्हतं. आखणीची टोकदार सुई घेतली आणि त्या बुशाच्या कडेला टेकवली. दाबली नाही, नुसती टेकवली आणि थोडा भार दिला. सुई आत गेली. शेजारच्या बुशावर तेच केलं तर ओरखडासुद्धा उठला नाही. ह्याच्यात मात्र दोन मिलिमीटर गेली, आणि बाहेर काढली तर टोकाला गुलाबी भुकटी.

मी सुई पुसून खिशात ठेवली आणि बाकावर बसलो. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. थंड पाण्याला धरलं म्हणजे गरम वाफेला धरेल असं नाही, आज धरलं म्हणजे परवा धरेल असं नाही. हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण आता टेस्ट पास आहे. आता मी काही बोललो तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील. तुझ्या गेजनं मला सोडवलं नाही, अजून अडकवलं.

मग मी हिशेब मांडत बसलो. पन्नास पौंडावर चालवलं तर? डबे तीनच लावले तर? पहिला डबा रिकामा ठेवला तर? वीणाला फोन करून सांगितलं, रविवारी दिव्यश्रीला आणू नकोस, खूप गर्दी आहे. पोरगी मागे रडत असलेली ऐकू आली. तेव्हा लक्षात आलं, अण्णा, मी फक्त माझ्या नातीला बाजूला काढत होतो. दुसऱ्यांची एकशेवीस पोरं मी त्या बुशासमोर बसवायच्या तयारीत होतो. मी असा माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. तोवर रविवार होऊन गेलेला असेल. मग मी कुणासाठी लिहितोय?

पिराजी


बनशंकरी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

अण्णा,

रविवारी फोनवर तू अर्धंच ऐकलंस. पूर्ण सांगतो, सुरुवातीपासून.

साडेनऊला शाळेच्या बस आल्या. पांढरे शर्ट, निळ्या चड्ड्या, सगळ्यांच्या हातात फुगे. मी इंजिनापाशी कोळसा घेऊन उभा. शिवकुमार विस्तवासाठी रॉकेलची चिंधी तयार करून बसलेला. तेवढ्यात मागून आवाज आला, आज्जा, मी जागा धरली. दिव्यश्री. पहिल्या डब्यावर, दोन्ही बाजूंना पाय टाकून. तिच्या रडण्यापुढे वीणाचं काही चाललं नव्हतं. तिच्या मागे शाळेची सहा-सात पोरं आधीच बसलेली, एकमेकांना ढकलत होती.

मी कोळशाचं टोपलं खाली ठेवलं.

मंजुनाथला बाजूला घेतलं आणि म्हणालो, विस्तव घालायचा नाही. तो आधी हसला, मग चिडला. टेस्ट माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे, म्हणाला, शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या आहेत, तुम्ही काय चालवलंय? शिवकुमार, पेटव. मी शिवकुमारचा हात धरला. पितळेचं सांगितलं, जस्ताचं सांगितलं, कन्नडमध्ये, मराठीत, काय तोंडाला येईल तसं. मंजुनाथच्या तोंडावरून मला कळलं की ह्यातला एक शब्द त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्यानं पुन्हा फाइलच पुढं केली. दोघांच्या सह्या आहेत सर, म्हणाला.

मग मी ते बोललो. ही दुसरी सही त्रिविक्रमची नाही, मी केली आहे, चारही वर्षं मीच केली आहे.

त्याला वाटलं मला उन्हानं चक्कर आली. खुर्ची मागवली माझ्यासाठी! मी पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाला, थांबा, आत्ताच विचारतो. फाइलवर तुझा नंबर होता. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याचा दोन रिंगांत उचललास. त्यानं स्पीकरवर टाकला. पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला मी, आणि तो म्हातारा झालेला होता.

त्यानं विचारलं, सर, ह्या सर्टिफिकेटवरची सही तुमचीच का?

मला वाटलं, आता संपलं. बरं झालं, संपू दे. माझी कबुलीची दोन पत्रं तुझ्याकडे आहेत, तू नुसतं नाही म्हणायचास आणि इंजिन थांबणार. पण तू नाही म्हणालाच नाहीस. म्हणालास, "सही माझीच आहे. आणि त्या सहीच्या जोरावर सांगतो, विस्तव घालू नका. बॉयलरमध्ये एक बुश पितळेचा आहे, तो माझ्या नजरेतून सुटला. पोरांना खाली उतरवा."

मंजुनाथनं माझ्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं आणि स्वतः जाऊन एकेका पोराला डब्यावरनं उतरवायला लागला. दिव्यश्रीला त्यानंच कडेवर घेतलं. मग इंजिन सोडवून बाजूला ढकललं आणि पोरांना परत बसवून शिवकुमार आणि तीन वॉचमन, चौघांनी डबे हातानं ढकलत अख्खा वळसा फिरवला, सतरा फेऱ्या. शिट्टी पोरंच तोंडानं वाजवत होती. दिव्यश्री मात्र बसली नाही. इंजिनाशिवाय गाडी नको म्हणाली.

आता जे सांगतो ते मला सांगायला नको वाटतं.

तू ते बोललास आणि मी गप्प बसलो. मंजुनाथनं कार्यक्रम झाल्यावर माझा हात हातात घेतला. सर, तुमच्यामुळे वाचलो, म्हणाला. त्या धारवाडच्या म्हाताऱ्याकडनं चूक झाली, तुम्ही मित्र म्हणून त्याला पाठीशी घालत होता, खोटी सही वगैरे, मला कळलं. मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मान हलवली. घरी आलो. कृष्णाबाईला सांगितलं, पित्त गेलं. आणि झोपलो, अण्णा, अगदी गाढ झोपलो.

काल सोमवारी फायलीतल्या तुझ्या नावाचा विचार करत इंजिनापाशी गेलो. माझ्या चुकीचा डाग आता त्या नावावर होता. काचेची खालची जोडणी काढायला पाना लावला. अर्धा फेरासुद्धा फिरवला नाही. जोडणी आट्यासकट, बुशाच्या आतल्या सगळ्या भागासकट माझ्या हातात आली. जोर लावायला लागलाच नाही. बॉयलरच्या तोंडाला बोट जाईल एवढं भोक राहिलं. गुरुवारी एकशेवीस पौंड कशावर धरलं होतं, देव जाणे. मी त्या भोकासमोर माझ्या नेहमीच्या जागी बसलो आणि मागे वळून पहिल्या डब्याकडे बघितलं. दोन हातांवर होता. 

तसाच मंजुनाथच्या ऑफिसात गेलो. ते निघालेलं पितळ त्याच्या टेबलावर ठेवलं आणि कागद मागून घेतला. दहावा बुश मी केला, पितळेचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्रिविक्रमनं तो कापून काढायला सांगितला होता, मी ऐकलं नाही, आणि चारही सह्या माझ्या हातच्या आहेत. कन्नडमध्ये लिहिलं, खाली सही केली, माझीच. त्यानं दोनदा वाचलं. त्याची पोरगीही दर रविवारी तिसऱ्या डब्यावर असायची, हे मला तेव्हा आठवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बागेची किल्ली मागून घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं.

कृष्णाबाईला सांगितलं, समईपासून सगळं. वीणाला सांगितलं. वीणा अजून वरून खाली आलेली नाही.

येत्या रविवारी, २३ तारखेला अकरा वाजता कमिटीची बैठक आहे. पोलिसांत द्यायचं की नाही ते तिथं ठरेल. तुलाही फोन येईल, सहीचं विचारतील. मला वाचवायला पुन्हा तेच बोलू नकोस. खरं सांग. तसंही खोटं बोलणं तुला येत नाही. "सही माझीच आहे" म्हणताना तुझा आवाज कापत होता, स्पीकरवर मी ऐकला. माझा आवाज पाच वर्षांत एकदाही कापला नाही, अण्णा. बॉयलर आता थंड आहे, भोक पडलेला आहे, त्याची मला भीती नाही. मला त्या न कापलेल्या आवाजाची भीती वाटते.

पिराजी